खिडकी क्र. २ बंद आहे : स्टेशनवरची तिकीट खिडकी माणसाविना चालेल का?

वैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या मंगळवारी आत्याला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेले होते. नागपुरातलंच एक स्टेशन. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ते सगळं ड्यूटीवरच्या एकट्या मुलीवर शेकायचं. तिकिटाच्या तीन खिडक्या. एकीवर ‘बंद आहे’चा पुठ्ठा, सुतळीनं बांधलेला, आणि त्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. दुसरीच्या आत कसलेसे खोके रचलेले. तिसरीवर ती मुलगी, आणि समोर पन्नास-साठ माणसं. बाजूला दोन मशिनी. एकीवर एक रिटायर्ड काका लोकांकडून पैसे घेऊन तिकीट काढून देत होते, तिथंही रांग. दुसऱ्या मशीनपुढे कोणी नाही, कारण तिला नोट चालत नाही.

डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक आजोबा माझ्याजवळ आले. हातात दहाच्या दोन नोटा, घडी करून करून मऊ झालेल्या. “माय, सिंदीचं एक काढून दे न.” मी ऐटीत मोबाईल काढला. क्यूआर स्कॅन केला, सिंदी टाकलं, पैसे भरायच्या बटणावर बोट नेलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तिकीट राहणार माझ्या मोबाईलमध्ये, आणि आजोबा जाणार सिंदीला!

आजोबांनी नोटा परत बंडीच्या खिशात ठेवल्या, मला म्हणाले “राहू दे बाई”, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांची गाडी माझ्यासमोर सुटली.

माझं म्हणणं सरळ आहे. ॲप ठेवा, मशिनी हव्या तेवढ्या ठेवा, पण पगारी माणूस बसलेली खिडकी बंद करू नका. तुमचे अनुभव काय? आणि विरोध करायचा तर तो नेमका कुठे, कसा करायचा?

---

सावजी_तर्री

खिडकी बंद झाली तर सुट्ट्या पैशांवरून भांडायचं कोणाशी? मशीनला ‘तुमचं नाव काय, तक्रार करतो’ म्हणता येत नाही राजेहो.

---

ऑरेंज_आदित्य

ताई, आजोबांबद्दल वाईट वाटलंच, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूचा. गेली पाच-सहा वर्षं मी जनरल तिकिटासाठी रांगेत उभा राहिलो नाही. आधी रेल्वेचं यूटीएस ॲप होतं, २०२५ च्या जुलैपासून रेलवन ॲप आलंय. घरून निघताना तिकीट काढायचं आणि थेट प्लॅटफॉर्म. रिझर्व्हेशनचं तर विचारूच नका, दहातली आठच्या वर तिकिटं आता ऑनलाइन निघतात. मग खिडक्या कुणासाठी उघड्या ठेवायच्या? त्या पगारात स्वच्छतागृहं नीट ठेवा, जास्त लोकांचा फायदा होईल.

शिवाय खिडकी म्हणजे काही स्वर्ग नव्हता. तत्काळच्या दिवशी पहाटे चारला जाऊन बघा. एका कागदावर नंबर लिहिलेले असतात, पहिले दहा नंबर ‘आपल्याच’ माणसांचे. विसरलात का?

---

इतवारीचा_पोट्टा

आदित्यभाऊ, तुमचं खरं आहे, पन तुमी घरून काढता म्हनून. स्टेशनात पाय ठेवला का पेपरलेस तिकीट निघत नाही. मी सोताच एकदा गाडी आली पाहून ॲप उघडलं, तं ते म्हनते तुमी स्टेशनाच्या आत आहा. मंग पळालो बाहेर, पार सायकल स्टँडापाशी, तिकीट काढलं, वापस पळालो. माह्यासारखे अजून चार जन तिथीच उभे, मोबाईल वर करून, जसे चंद्र पाहून राहिले.

आता क्यूआर लावले आत, तं तेवढा तरास कमी झाला. पन ज्याच्यापाशी मोबाईलच नाही त्यानं कोठी पळाव?

---

नियमांचा_बाप

वरच्या दोघांच्या माहितीत भर. मोबाईलवरचं पेपरलेस तिकीट मोबाईलवरच दाखवावं लागतं. बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट. भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. आणि पेपरलेस तिकीट रद्दही होत नाही. आजोबांसाठी ॲपमधला कागदी तिकिटाचा पर्याय होता, बुकिंग करून मशीनवर छापून घ्यायचं. पण हे वैनगंगाताईंसारख्या शिकल्यासवरल्या बाईंनाही ऐनवेळी सुचलं नाही, यातच सगळं आलं.

---

वैनगंगाकाठची

शिकल्यासवरल्या बाईंना हा पर्याय आहे हेच आत्ता तुमच्याकडून कळलं. 🙈

---

बुकिंगवाले_काका

धागा वाचला, राहवलं नाही. मी १९८२ ला बुकिंग क्लर्क म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षं काचेच्या आतल्या बाजूला काढली. तेव्हा माझं मत एकतर्फी असणार हे गृहीत धरून वाचा.

पहिली गोष्ट. ‘खिडकी बंद करण्याचा आदेश’ असं काही तुम्हाला कुठे सापडणार नाही, शोधू नका. खिडकी अशी बंद होते : एक जण रिटायर होतो, जागा भरत नाहीत. दोन वर्षांनी हिशेब निघतो की ही जागा रिकामीच आहे, काम तर चाललंय, मग पद सरेंडर करा, म्हणजे कायमचं काढून टाका. त्यानंतर तीन शिफ्टच्या दोन, दोनाची एक. मग रिझर्व्हेशन आणि जनरल एकाच खिडकीवर. जनरलच्या रांगेत दहा सेकंदांचं काम असतं, आणि त्याच्या पुढे सहा जणांचा फॉर्म घेऊन एक कुटुंब उभं. मागचा माणूस वैतागून मशीनकडे जातो. मग आकडा येतो की खिडकीवरची विक्री कमी झाली. कमी झाली की केली?

दुसरी. मशीनवरचे जे काका ताईंनी पाहिले, ते फॅसिलिटेटर. बहुतेक आमच्यातलेच रिटायर्ड. त्यांना पगार नाही, विक्रीवर कमिशन. गर्दी असेल तेव्हा ते असतात. रात्री अकराला, पावसात, कमी विक्रीच्या वेळी त्यांनी का बसावं? त्यांचा दोष नाही. पण ते असणं आणि खिडकी असणं, यात फरक आहे. खिडकीच्या माणसाला विक्री शून्य असली तरी बसावं लागतं.

आता थोडं आतलं. ड्यूटीवर बसताना खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते आधी लिहून द्यावं लागायचं. व्हिजिलन्सचा, म्हणजे रेल्वेच्या दक्षता विभागाचा माणूस प्रवासी बनून यायचा. त्यानं मुद्दाम जास्तीचे दोन रुपये सोडले आणि तुमच्या गल्ल्यात ते निघाले तर तुमची झोप गेली. आणि शिफ्टच्या शेवटी कॅश कमी भरली तर स्वतःच्या खिशातून भरायची. म्हणून सुट्ट्यांसाठी आम्ही किरकिरायचो हो. हौस नव्हती.

पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या काळात तर लाकडी कपाटात प्रत्येक गावाचा एक कप्पा. तिकीट खालून ओढायचं, तारखेच्या मशीनमध्ये घालायचं, खटाक. हाफ तिकीट असेल तर कोपरा कापायचा. रात्री प्रत्येक कप्प्याचा शेवटचा नंबर वजा सकाळचा नंबर, गुणिले भाडं. माझी बायको म्हणायची, तुम्ही झोपेतही वजाबाकी करता.

---

सावजी_तर्री

काका, मशीनला आता झोपेत वजाबाकी करायला शिकवलीय म्हणतात. पण तिच्या बायकोचं काय?

---

धरमपेठ_ते_मँचेस्टर

काकांनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण हाच खेळ मी इकडे वेगळ्या वेषात पाहिलाय. फरक इतकाच की इकडे त्यांनी तो उघडपणे केला.

२०२३ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांनी जाहीर केलं की स्टेशनवरची जवळजवळ सगळी तिकीट ऑफिसं बंद करायची. हजारेक. कारण काय, तर फक्त १२ टक्के तिकिटं आता खिडकीवर विकली जातात. (आदित्य, तुझाच मुद्दा.) माणसांना काढणार नाही, त्यांना ‘काचेमागून बाहेर’ आणून प्लॅटफॉर्मवर मदतीला उभं करणार, असं वर गोड बोलणं. लोकांना मत द्यायला आधी फक्त २१ दिवस दिले होते. अपंगांच्या संघटनांनी आणि मेयर लोकांनी कोर्टाचा धाक घातला, त्यात आमचे मँचेस्टरचे अँडी बर्नहॅम पुढे होते, तेव्हा मुदत १ सप्टेंबरपर्यंत वाढली. साडेसात लाख लोकांनी लिहून कळवलं, बहुतेक सगळे विरोधात. प्रवाशांच्या बाजूनं बघणाऱ्या दोन्ही अधिकृत संस्थांनी हरकत घेतली आणि ३१ ऑक्टोबरला वाहतूक मंत्री मार्क हार्पर यांनी कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यायला सांगितलं.

मीही लिहिलं होतं. माझं कारण छोटं होतं. माझी आई नागपूरहून इथे येते तेव्हा दर बुधवारी एकटी ट्रेननं मैत्रिणीकडे जाते. तिला इंग्रजी बेताचं येतं. मशीनवर परतीच्या तिकिटाचेच पाच प्रकार असतात, मलाही कळत नाहीत. खिडकीवरची बाई तिला पाहून विचारते, “सेम ॲज लास्ट वीक, लव्ह?” आणि आई म्हणते, “यस यस.” एवढ्या संभाषणावर तिचं सगळं चालतं.

---

पक्का_मुंबईकर

साडेसात लाख? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल मत मागितलं तर चार अंगठे आणि एक सुप्रभात येतं.

तुम्ही नागपूरवाले साठ माणसांच्या रांगेला रांग म्हणता हे वाचून मौज वाटली. आमच्याकडे मशिनी नसत्या तर लोकलला तिकीट काढून माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचला असता.

---

इतवारीचा_पोट्टा

भाऊ, तुमच्या कडे एक लोकल हुकली तं चार मिंटात दुसरी येते. इथीसा पॅसेंजर हुकली तं मानूस तिथीच डबा खाते, झोपते, अन् उठून संध्याकाळची धरते. रांगेची लांबी नोका मोजू, चुकल्यावर किती बसा लागते ते मोजा.

---

बुकिंगवाले_काका

पोट्ट्या, लाखाचं बोललास.

मँचेस्टरवाल्या ताई (की दादा?), गंमत सांगतो. ज्या पुठ्ठ्याच्या तिकिटांवर मी आयुष्य काढलं ती पद्धत तुमच्याच बाजूची. थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरानं १८३० च्या दशकात ती काढली. मँचेस्टर अँड लीड्स रेल्वेनं उचलली आणि मग जगभर गेली. ओळीनं नंबर छापलेलं तिकीट, म्हणजे क्लर्कला चोरी करता येऊ नये. खिडकीवरच्या माणसावर अविश्वास हा पहिल्या दिवसापासूनचाच आहे म्हणायचा.

‘काचेमागून बाहेर’वर मात्र सांगतो. ज्याला ठरलेली जागा नाही, त्याला साहेब कुठेही पाठवतो. आज प्लॅटफॉर्म दोन, उद्या पार्सल, परवा तिकडच्या स्टेशनला माणूस कमी आहे म्हणून तिकडे. आणि प्रवाशाला कळत नाही हा शर्टातला माणूस रेल्वेचा की कोणाला घ्यायला आलेला. काच, तिच्यावरचा नंबर, आत दिवा लागलेला, हे सगळं असतं म्हणून म्हातारी बाई न विचारता तिथे येते.

---

धरमपेठ_ते_मँचेस्टर

दादा. 🙂 आणि आपल्या यवतमाळच्या शकुंतला गाडीचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच ना? १९२१ चं?

---

झिरो_माईल

हो, १९२१ चीच बनावट. १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. यवतमाळ ते मूर्तिजापूर मी लहानपणी तिनं गेलोय. मोजकीच माणसं सगळी कामं करायची, गार्डच उतरून तिकीट द्यायचा. म्हणजे आदित्यच्या भाषेत ‘मल्टिस्किल्ड’. फक्त तो तिकीट देईस्तोवर गाडी थांबून राहायची!

अवांतर निघालंच आहे तर, आपल्या मुख्य स्टेशनच्या इमारतीला शंभर वर्षं झाली. सावनेरचा वालुकाश्म, १५ जानेवारी १९२५ ला गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते उद्घाटन. दगड बघायचा असेल तर उन्हं कलताना जा, संत्र्याच्या सालीसारखा रंग येतो.

---

सावजी_तर्री

आणि मग संत्र्याच्या बर्फीचा विषय, मग हल्दीरामचा, मग सावजीचा. धागा शंभरी गाठणार.

---

इतवारीचा_पोट्टा

शंभरीवरून आठवलं. आमच्या इतवारीचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन झालं. नाव एवढं लांब झालं, पन छोटी लाईन गेली. नागभीडची छोटी गाडी २०१९ ले बंद झाली. माही आजी त्या गाडीनं भिवापूरची मिरची आने. खिडकीवरचा बाबू तिले म्हने, “आजी, पोत्याचं तिकीट काढा लागन.” आजी म्हने, “पोतं माह्या मांडीवर बसन.”

---

संपादक

मंडळी, आजी आणि मिरची दोन्ही आवडल्या, पण धागा तिकीट खिडकीचा आहे.

---

मृद्गंध

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

मागच्या वर्षी सासऱ्यांना कॅन्सरचं निदान झालं. एका तपासणीसाठी मुंबईला न्यायचं ठरलं. घरात सगळे मोबाईलवाले, नवऱ्यानं तिकीट ॲपवरच काढायला घेतलं होतं, विदर्भ एक्सप्रेसचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, सवलत असते, खिडकीवर विचारा. आम्ही दवाखान्याचं प्रमाणपत्र घेऊन आरक्षण केंद्रात गेलो.

खिडकीवर पन्नाशीचे एक गृहस्थ. चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला, म्हणाले, “यावर शिक्का राहिला आहे, याच्यावर मला देता येणार नाही.” माझ्या डोळ्यात पाणीच आलं. ते म्हणाले, “थांबा, रडू नका. दवाखाना इथून वीस मिनिटांवर आहे. दोन वाजेपर्यंत मी आहे. या, रांगेत नका लागू, सरळ इकडे या.” परत आलो तेव्हा दीड वाजला होता. त्यांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, “सोबत कोण जातंय?” मी म्हटलं, माझा नवरा. “मग त्यांचं वेगळं का लिहिलंत? याच फॉर्मवर घ्या, सोबत्यालाही सवलत आहे.” रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सूट, सोबत्याला ७५ टक्के. आम्हाला माहीतच नव्हतं. मग म्हणाले, “परतीचं आजच काढून ठेवा. तिकडे धावपळीत जमणार नाही.”

नवरा बाहेर आल्यावर पायरीवर बसला. तिकिटाचे पैसे वाचले म्हणून नाही. महिनाभर आम्ही जिथे जात होतो तिथे प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे पाठवत होता. पहिल्यांदा कुणीतरी आमच्या वतीनं विचार केला होता.

सासरे आता बरे आहेत, विचारायच्या आधीच सांगते.

---

वैनगंगाकाठची

मृद्गंध, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

---

ऑरेंज_आदित्य

मृद्गंध ताई, खरंच चांगलं झालं. पण एक विचारतो, राग मानू नका. ही सवलत ॲपमध्येच का नसावी? दवाखान्यानं प्रमाणपत्र ऑनलाइन टाकायचं, तिकीट आपोआप सवलतीचं निघायचं. शिक्का राहिला म्हणून वीस मिनिटं पळावं लागलं, हा व्यवस्थेचा दोषच नाही का? तुम्हाला भला माणूस भेटला. तिथेच खेकसणारा भेटला असता तर?

---

मृद्गंध

राग कशाला. ॲपमध्ये आलीच पाहिजे. पण ‘सोबत कोण जातंय’ हे ॲप विचारेल का, आणि आम्ही काही न समजून ‘नाही’वर टिचकी मारली तर ते दुसऱ्यांदा विचारेल का, सांगता येत नाही.

---

कानसेन

मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो. या धाग्यावर वृद्ध, अपंग, गरीब अशी एक यादी होऊ लागली आहे म्हणून लिहितो. आम्हाला ‘बिचाऱ्यां’च्या डब्यात टाकून खिडकी वाचवू नका.

मला ॲप चालतं. फोन बोलतो, मी ऐकतो, आणि आदित्यपेक्षा लवकर तिकीट काढत असेन. मला चालत नाही ती स्टेशनवरची मशीन. सपाट काच. बोटाला एकही खूण लागत नाही, आवाज नाही. म्हणजे ज्या गोष्टीला तुम्ही खिडकीचा पर्याय म्हणता ती माझ्यासाठी भिंत आहे.

आणि खिडकी? अनुभव दोन्ही आहेत. एकानं मला विचारलं होतं, “सोबत कोणी नाही का? मग एकटे कशाला फिरता?” मी त्याला त्याचं नाव विचारलं, तो गप्प झाला. दुसऱ्या एकानं सुट्टे देताना सांगितलं, “दादा, वरची वीसची, खालची दहाची.” नव्या नोटा हाताला सारख्याच लागतात, हे त्याला कुणी शिकवलं नसणार. मला दोघंही चालतील. पहिल्याशी निदान भांडता तरी येतं.

---

सावजी_तर्री

बघा, माझा पहिला प्रतिसाद लोक विनोद समजले होते.

---

नियमांचा_बाप

खिडकीचे आणखी फरक, जे लोक विसरतात. एक, ऑनलाइन आरक्षणावर सुविधा शुल्क लागतं. यूपीआयनं भरलं तर बिगर-एसी १० आणि एसी २० रुपये, वर जीएसटी. खिडकीवर ते नाही. दोन, ई-तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि तुम्हाला गाडीत चढता येत नाही. खिडकीचं वेटिंग तिकीट रद्द होत नाही, जनरलच्या डब्यात त्यावर जाता येतं. (स्लीपर, एसीत नाही. १ मे २०२५ पासून ते कडक झालंय.) तीन, वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट ॲपवर मिळत नाही.

---

पक्का_मुंबईकर

वर्तुळाकार प्रवास म्हणजे निघालो तिथेच परत येणं ना? ते मी रोज करतो, ऑफिसला जाऊन.

---

झिरो_माईल

मूळ प्रश्नावर येऊ या. विरोध कुठे करायचा? एक लक्षात घ्या, नागपूर नावाची दोन डिव्हिजन आहेत. एक मध्य रेल्वेचं, ज्याचं मुख्यालय मुंबई. दुसरं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, ज्याचं मुख्यालय बिलासपूर. दोघांचीही डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसं नागपुरातच. अजनीबद्दलचं पत्र एकाकडे, इतवारीबद्दलचं दुसऱ्याकडे. चुकीच्या ऑफिसात दिलं तर ते ‘आमच्याकडे येत नाही’ एवढंच उत्तर देतील, आणि ते खरंही असेल.

आणि दुसरं. मुख्य स्टेशन आणि अजनी, दोन्हीच्या पुनर्विकासाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली. नव्या इमारतीत खिडक्या किती हे आत्ताच विचारायला हवं. एकदा काचेच्या भिंती उभ्या राहिल्या की मग कोणी भोक पाडून खिडकी करून देणार नाही.

---

बुकिंगवाले_काका

बरोबर. आणि पत्रात ‘खिडक्या बंद करू नका’ एवढंच लिहाल तर उत्तर येईल, ‘कोणतीही खिडकी बंद करण्याचा प्रस्ताव नाही.’ मी स्वतः अशी उत्तरं टाइप केली आहेत. भावना नका लिहू, माहिती मागा. माहितीच्या अधिकारात चार गोष्टी : अमुक स्टेशनवर बुकिंगची मंजूर पदं किती, भरलेली किती. गेल्या पाच वर्षांत किती सरेंडर केली. प्रत्येक खिडकी कोणत्या तारखेला किती ते किती वाजेपर्यंत उघडी होती. आणि मशीन किती तास बंद होत्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना घाम फुटेल, कारण बोर्डावर एक वेळ असते आणि हजेरीत दुसरी.

मग ते कागद घेऊन विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीवर कोण सदस्य आहेत ते पाहा. त्यांना बैठकीत विचारायला सांगा. विचारलेला प्रश्न इतिवृत्तात येतो. इतिवृत्तात आलेलं पुसता येत नाही.

---

ऑरेंज_आदित्य

काका, हे पटलं. मला खिडकीचं प्रेम नाही, पण पुठ्ठा लावलेली खिडकी ‘चालू’ म्हणून कागदावर दिसत असेल तर ती फसवणूक आहे. अर्जाचा मसुदा मी करतो. ऑनलाइन भरतो, म्हणजे रांग नको. 😀

---

इतवारीचा_पोट्टा

अन् त्यांच्या कागदावर भरोसा काहून ठेवाचा? आपन सोता मोजू. एक वही, एक घड्याळ. कोनती खिडकी किती वाजता उघडी, रांगेत किती मानसं. आठ दिवस.

---

वैनगंगाकाठची

पोट्ट्याचं ऐकलं. आज शनिवार, सकाळी सहा ते नऊ मी त्याच स्टेशनवर बाकावर बसले होते, वही घेऊन. लिहिलेलं तसंच देते.

पुठ्ठ्याची खिडकी, तीन तासांत शून्य मिनिटं उघडी. खोक्यांची खिडकी, तीच गत. (खोके मंगळवारपेक्षा दोनानं वाढलेत.) तिसरी उघडी. रांग ६ वाजता ११, ७ वाजता ३४, ७.३० ला ५२. बिननोटेची मशीन सव्वासातला बंद पडली, ८.०५ ला कोणीतरी येऊन सुरू केली. मशीनवरचे काका साडेसहाला आले. ७.४० ला खिडकीतली मुलगी पाणी प्यायला उठली, चार मिनिटं लागली. रांगेतून एकानं काच वाजवली.

नऊला गर्दी ओसरली तेव्हा तिनं काचेतून मला विचारलं, “ताई, काय लिहून राहिल्या तुम्ही?” मी सांगितलं. ती जरा घाबरली, मग म्हणाली, “माझं नाव नका लिहू. पण माझ्या डब्याची वेळ पण लिहा. रोज चार वाजता खाते.”

लिहिली.

आता बाकीच्या वेळा कोण घेतंय?

---

झिरो_माईल

सोमवार, दुपारी १२ ते ३. मुख्य स्टेशन, संत्रा मार्केटची बाजू.

---

इतवारीचा_पोट्टा

रविवार सकाळ, इतवारी. पोहे खाऊन येतो, तं सव्वासहा पकडा.

---

कानसेन

मला एक वेळ द्या. रांग मोजता येणार नाही, पण कोण कुणावर किती वेळा खेकसलं ते माझ्याइतकं नेमकं कुणी टिपणार नाही. बुधवार संध्याकाळ.

---

बुकिंगवाले_काका

अजनीची रात्रीची शिफ्ट मी घेतो. तशीही झोप येत नाही.

---

सावजी_तर्री

रविवार संध्याकाळ माझी. पेन कोणी आणेल का? माझ्याकडे फक्त ॲप आहे.

---

वैनगंगाकाठची

पेन देते. वहीला रेघाही मारून ठेवल्यात.